जाम झालेलं इंजिन : आधी निदान, मग पिस्टन

बर्फावरची यंत्रं : लेखांक ५

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलबरोबरच कसं फिरतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. ते लक्षात असू द्या. आजच्या दुरुस्तीतल्या बऱ्याच खाचाखोचा तिथूनच निघतात.

जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये क्यूबेकमधल्या व्हालकूर गावातून स्की-डू ही स्नोमोबाइल बाजारात आणली. तेव्हापासून तिथल्या गॅरेजांत हे दुखणं नेहमीचंच आहे. चालतं इंजिन एकाएकी अडकतं, मग स्टार्टरची दोरी ओढली तरी हलत नाही. हेड उचललं की सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसतात. अशा वेळी नवा पिस्टन आणि रिंगा टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. जुना पिस्टन कशाने गेला हे कळलं नाही, तर नवाही त्याच वाटेने जाणार, आणि तोही बहुधा वस्तीपासून लांब, उणे तीस अंशांत. तिथे यंत्र बंद पडणं जिवावर बेतू शकतं. म्हणून निदानाला मी दुरुस्तीपेक्षा वरचं स्थान देतो.

जुना पिस्टन उजेडात धरून चहूबाजूंनी फिरवा. स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरावर, चार ठिकाणी, साधारण सारख्या अंतरावर ओरखडे असतील, तर इंजिन तापण्याआधीच जोरात पळवलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन झटकन फुगला, पण सिलिंडरभोवतीचं पाणी अजून गार होतं. ओरखडे एक्झॉस्टच्याच बाजूला असतील, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडल्याचा संशय घ्यावा. माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसली, तर ते डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा बेताल स्फोट. आणि पिस्टन सगळीकडून घासला असेल, तर आधी ऑइल पंप तपासा.

पेट्रोल कमी का पडतं? शून्य अंशाच्या तुलनेत उणे तीसला हवा सुमारे १२ टक्के दाट असते. कार्बोरेटरचा जेट मात्र तेवढाच राहतो. दुसरं कारण चोरून आत शिरणारी हवा. दोन सिलिंडरपैकी एकाच बाजूचा पिस्टन गेला असेल, तर त्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील आणि इनटेकचा रबरी बूट नीट पाहा. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून आत सहा-सात पीएसआय हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की गळती सापडली. खरं तर ही चाचणी इंजिन खोलण्याआधीच करावी, कारण एकदा खोललं की पुरावा जातो.

आता सिलिंडर. जुन्या चेतकचं काम करून घेतलेल्यांना बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं आठवत असेल. तिथे सिलिंडर बिडाचा होता. आजच्या बहुतेक स्नोमोबाइलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकासिलचा, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा, अगदी पातळ मुलामा असतो. त्यावर बोअर मारता येत नाही. पण भिंतीवर दिसतात ते ओरखडे पुष्कळदा मुलाम्याचे नसतातच. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम तिथे चिकटलेलं असतं. काडीला कापूस गुंडाळून हायड्रोक्लोरिक आम्ल फक्त त्या पट्ट्यांना लावायचं. अ‍ॅल्युमिनियम असेतोवर फेस येतो. तो थांबला की लगेच पाण्याने धुवा, आम्ल रेंगाळू देऊ नका. पोर्टच्या कडेला थेंब गेला तर उघडं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. हातमोजे, चश्मा आणि उघडी हवा हवीच. धुतल्यावर खाली मुलामा उडालेला दिसला, तर सिलिंडर पुन्हा मुलाम्याला पाठवावा लागतो, नाहीतर नवा घ्यावा लागतो.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते क्रँककेसकडे. मिश्रण क्रँककेसमधून, बेअरिंगांना स्पर्श करतच वर जातं. त्यामुळे पिस्टनचा चुरा खालीही पडलेला असतो. केस स्वच्छ धुवून, तेल सोडून क्रँक हाताने सावकाश फिरवा. कुठे किरकिर जाणवली तर क्रँक बाहेर काढलाच पाहिजे. इथे पैसे वाचवायला गेलात, तर वरचं सगळं नवं काम वाया जातं.

जोडणी सरळ आहे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची टोकं खुंट्यांवर, रिंगेची फट मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने मोजलेली. गजन पिनचे सर्क्लिप मात्र दर वेळी नवेच. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने आडवेतिडवे, टप्प्याटप्प्याने आवळा आणि हवेची चाचणी पुन्हा घ्या.

पुढच्या आठवड्यात : तापमान पाहून जेट कसा निवडायचा.