एक रांग की अनेक रांगा?

रेल्वे स्थानकावर दहा खिडक्यांसाठी एकच रांग असली, की माणसे थांबलेली असताना एकही खिडकी रिकामी राहत नाही. मग अनेक प्रोसेसर असलेल्या मोठ्या संगणकातही कामांची एकच रांग का ठेवू नये? अडचण अशी, की त्या रांगेतून एका वेळी एकच प्रोसेसर काम उचलू शकतो. प्रोसेसर वाढवत गेलो, की खोळंबाही वाढतो. म्हणून २००३ साली आलेल्या लिनक्स २.६ या ऑपरेटिंग सिस्टिमने प्रत्येक प्रोसेसरला वेगळी रांग दिली.

आता एक रांग लांबते, दुसरी ओस पडते. मग कामे हलवावी लागतात. पण प्रोसेसर हाताशी लागणारी माहिती कॅश या जवळच्या, वेगवान स्मृतीत ठेवतो. काम हलले, की ती नव्या जागी पुन्हा गोळा करावी लागते. केव्हा हलवायचे आणि किती लांब, हे ठरवण्यातच सारे कौशल्य आहे.

ते चुकले तर? २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिले, की लिनक्समध्ये काही प्रोसेसर रिकामे असतानाही कामे इतर रांगांत ताटकळत होती. ही चूक वर्षानुवर्षे लपून राहिली. कारण संगणक बंद पडत नव्हता, फक्त मंदावत होता.