बोगद्याची लांबी सोडा, तोंडे मोजा

गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता एकूण १२.२ किलोमीटरचा. त्यातले ४.७ किलोमीटर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत. शेजारीशेजारी दोन बोगदे, प्रत्येकाचा व्यास १३ मीटर. आज सव्वा तास खाणारा हा प्रवास पुढे २५ मिनिटांवर येईल, असे महापालिका सांगते. वर सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल, विहार आणि तुळशी हे तलाव जागच्या जागी, आणि गाड्या खालून. ४.७ हा आकडा ऐकायला इतका सोयीचा आहे की तो सांगितला की पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

जंगल वाचवायचे तर पैसे मोजावे लागतात आणि इथे ते मोजले जात आहेत, हे आधी मान्य करू. १३ जुलै २०२४ रोजी याच उद्यानाखालच्या दोन कामांचे भूमिपूजन एकाच दिवशी झाले. गोरेगाव-मुलुंडचा ६.६५ किलोमीटरचा टप्पा ६,३०० कोटींचा, तर ठाणे-बोरिवलीचा ११.८ किलोमीटरचा मार्ग १६,६०० कोटींचा. म्हणजे किलोमीटरमागे अनुक्रमे साडेनऊशे आणि चौदाशे कोटी. डोंगर फोडून उघडा रस्ता काढला असता तर खर्च याच्या जवळपासही गेला नसता.

पण बोगदा खोदल्यावर निघालेला दगड कुठेतरी जावा लागतो. १३ मीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १३३ चौरस मीटरच्या आसपास भरते. गुणिले ४,७०० मीटर, गुणिले दोन. उत्तर साडेबारा लाख घनमीटर, आणि तेही आतला व्यास धरून. प्रत्यक्षात टीबीएम, म्हणजे बोगदा कोरणारे यंत्र, अस्तराची जाडी धरून याहून मोठे भोक पाडते. शिवाय फुटलेला दगड फुगतो. दीडपट धरला तर १८ ते १९ लाख घनमीटर. एका डंपरमध्ये १२ घनमीटर बसतात असे मानू. दीड लाखांवर खेपा झाल्या. काम हजार दिवस चालले तर रोज दीडशे डंपर भरून बाहेर आणि तेवढेच रिकामे आत. चोवीस तासांत तीनशे फेऱ्या, दर पाच मिनिटांना एक. गृहीतके माझी आहेत, कुणी दहाऐवजी वीस चाकांचा डंपर धरला तर खेपा कमी होतील. तरी हा आकडा प्रकल्पाच्या कुठल्याही फलकावर मला दिसलेला नाही.

हे डंपर ज्या तोंडातून निघतात ते गोरेगावला दादासाहेब फाळके चित्रनगरीत आहे, आणि तिथे फिरणाऱ्या बिबट्याची वेळ रात्रीची. या पट्ट्यात जमिनीखालचा सगळाच भाग टीबीएमने कोरायचा नाही. सुमारे १.६ किलोमीटरचा पेटी-बोगदा आहे, म्हणजे वरून खणायचे, काँक्रीटची पेटी बांधायची आणि पुन्हा बुजवायचे. झाडे पडतात ती इथे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रनगरीतली ९५ झाडे तोडायला परवानगी दिली आणि बातम्या झाडांच्या संख्येवर अडल्या. झाड मोजता येते, त्याला क्रमांक ठोकता येतो. करवंदीच्या जाळीला कोण क्रमांक देणार? बिबट्या दिवसा दडतो तो त्या जाळीत.

उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले. क्षेत्रफळ ५९.४६ चौरस किलोमीटर. रुंदी कुठे चार किलोमीटर, तर कुठे फक्त १०० मीटर. बारा डब्यांची लोकल याच्या अडीचपट लांब असते.

बिबटे मात्र या रेषा पाळत नाहीत. २०१५ च्या कॅमेरा-गणनेत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. २०२१ मध्ये पाच बिबट्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवले. त्यातला ‘महाराजा’ नावाचा नर इथून थेट तुंगारेश्वरच्या जंगलात पोचला. वाटेत त्याने वसई-दिवा रेल्वेमार्ग ओलांडला. त्याची सगळी वाट जमिनीवरची होती, त्यामुळे खाली कितीही बोगदे झाले तरी त्याला फरक पडत नाही.

जमिनीवर काय करता येते ते नागपूरजवळ दिसते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर १६.१ किलोमीटरच्या पट्ट्यात प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले, सर्वांत लहान ५० मीटरचा, सर्वांत मोठा ७५० मीटरचा. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांनी १८ जातींचे वन्यप्राणी टिपले. अकरा वाघ मिळून ८९ वेळा रस्त्याखालून गेले.

मुंबईत असा मार्ग हवा असेल तर पहिली जागा याच जंगलातून जाणाऱ्या घोडबंदर रस्त्याची. गायमुखच्या घाटात रात्री दहानंतर उभे राहून पाहा: उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर चढावर एकामागे एक थबकलेले, त्यांच्या दिव्यांत रस्त्याकडेची झाडी पांढरी पडलेली. नवा बोगदा ठाण्याच्या गाड्या बोरिवलीला नेईल. या कंटेनरना बोरिवलीत काम नाही, ते घाटातूनच जाणार. १६,६०० कोटींचा एक टक्का या घाटासाठी वेगळा काढला तर १६६ कोटी होतात.