पृच्छेच्या उत्तरातील रकान्यांची शीर्षके

एसक्यूएल भाषेने माहितीकोशातून आकडे काढणाऱ्या अभ्यासकास पुष्कळदा असा अनुभव येतो की, पडद्यावर शीर्षकांसह दिसलेले उत्तर फायलीत मात्र शीर्षकांवाचून उतरते. हा दोष भाषेचा की साधनाचा, याचा निर्णय झाल्यावाचून उपाय सापडणे कठीण. प्रस्तुत टिपणात तेवढाच विचार करावयाचा आहे.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात रकान्याचे नाव हे सारणीच्या रचनेचे अंग आहे. ती आकड्यांची आणखी एक ओळ नव्हे. माहितीकोश उत्तर पाठवितो तेव्हा नावे आणि ओळी वेगवेगळ्या असतात. नावे छापावयाची की नाहीत, हे अभ्यासकाच्या हातातील साधन ठरविते. ओरॅकलच्या ‘एसक्यूएल प्लस’मध्ये पानाची लांबी मुळात १४ ओळींची असते व प्रत्येक पानावर शीर्षके पुन्हा छापली जातात. त्यामुळे दीर्घ उत्तरात ती आकड्यांच्या मधेमधे शिरतात. याला कंटाळून लांबी शून्य केली, तर शीर्षके मुळीच नाहीशी होतात. लांबी पुरेशी मोठी, कमाल ५०,००० ओळींपर्यंत, ठेवणे हा यातील मध्यम मार्ग होय.

परंतु शीर्षक छापले जाणे निराळे आणि ते अर्थपूर्ण असणे निराळे. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये पर्जन्याची व पिकाची अशा दोन सरासऱ्या एकाच पृच्छेत मागितल्या, तर दोन्ही रकान्यांवर ‘एव्हीजी’ हेच नाव येते. कोणता आकडा पावसाचा हे मग केवळ क्रमावरून ओळखावे लागते. ‘अॅज’ हा शब्द योजून प्रत्येक रकान्यास स्वतः नाव देणे हाच यावर उपाय. दुहेरी अवतरणात घातल्यास ते नाव मराठीतही देता येते. मात्र तेथे नावास ६३ बाइटांची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हांपुढील भाग गळून पडतो.

याहून सूक्ष्म धोका ‘युनियन’मध्ये आहे. दोन पृच्छांची उत्तरे जोडताना शीर्षके पहिल्या पृच्छेची राहतात, व रकाने नावाने नव्हे तर क्रमाने जुळविले जातात. दुसऱ्या पृच्छेत क्रम चुकला आणि दोन्ही रकाने आकड्यांचेच असले, तर पावसाचे आकडे पिकाच्या शीर्षकाखाली बसतील, आणि माहितीकोश त्याविषयी अक्षरही काढणार नाही.

स्वल्पविरामांनी विभागलेल्या फायलींविषयीच्या २००५ च्या आरएफसी ४१८० या लेखातही शीर्षकाची ओळ ऐच्छिकच मानली आहे. सारांश, शीर्षकाची जबाबदारी भाषा घेत नाही, साधन घेत नाही, फायलही घेत नाही. ती अभ्यासकाची आहे. पृच्छा लिहितानाच रकान्यास नाव द्यावे, शक्य तेथे त्यात परिमाणही नमूद करावे. काही वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्यास, मग तो स्वतः लेखक का असेना, दुसरा आधार उरत नाही.