कोणते पान किती वेळ पाहिले?

नवउद्योगाचा प्रवर्तक गुंतवणूकदाराकडे आपले सादरीकरण हल्ली फाइल जोडून नव्हे, तर लिंकच्या रूपाने रवाना करतो. आणि प्रत्येक इसमास स्वतंत्र लिंक दिलेली असल्यामुळे ती केव्हा व किती वेळा उघडली गेली, याची नोंद आपोआप दप्तरी दाखल होते. वाचक पुढल्या स्लाइडवर सरकला, की ब्राउझरमधील एक लहानशी आज्ञावली ती वर्दी सर्व्हरला देते, आणि दोन वर्दींमधील अंतर हाच त्या स्लाइडवर व्यतीत झालेला काळ मानला जातो. 2015 साली डॉकसेंड या कंपनीने हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एका प्राध्यापकांसमवेत सुमारे 200 सादरीकरणे तपासली, तेव्हा गुंतवणूकदार एका सादरीकरणास सरासरी अवघी 3 मिनिटे 44 सेकंद देतात, आणि त्यांतही जमाखर्चाच्या पानांवर अधिक रेंगाळतात, असे आढळून आले.

ही टेहळणी बहुधा वाचकाच्या नकळत चालते, हे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय सातव्या स्लाइडवर आठ मिनिटे थबकलेले गृहस्थ आकडेमोडीत गढले होते की फोनवर गप्पा मारीत होते, याचा निवाडा त्या नोंदीवरून होत नाही. लिंक परस्पर तिसऱ्याकडे गेली, तर त्याचे वाचनही मूळ इसमाच्याच खाती जमा होते. म्हणून काही सेवा पहिले पान दाखविण्यापूर्वीच ईमेलचा पत्ता मागून घेतात.