ओपीडीतला शिकाऊ फिजिओथेरपिस्ट

महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचा विद्यार्थी चार वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींमागचे यांत्रिक नियम आणि विद्युतोपचार यांचा अभ्यास करतो, मधल्या वर्षांतच ‘पोस्टिंग’ म्हणून रुग्णालयात उभा राहू लागतो आणि शेवटच्या परीक्षेनंतर सहा महिन्यांची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, पुरी करतो, असा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा आजवरचा क्रम राहिला आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या कायद्याने या क्षेत्रासाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग आला आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमात आंतरवासितेला सहा महिन्यांऐवजी पूर्ण वर्ष देण्यात आले. हा बदल स्वागतार्ह आहे, कारण या विद्येचा जो भाग पुस्तकातून येत नाही तो या काळात आणि मुख्यतः बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ज्याला सारे ओपीडी म्हणतात तिथे, शिकावा लागतो. मात्र वर्ष वाढवले म्हणून शिक्षण आपोआप वाढत नाही, आणि त्या वर्षात विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय दिले जाते यावरच त्याचे मोल ठरते.

वॉर्डातला रुग्ण दिवसभर खाटेवर असतो, त्याचे नाडी-श्वास तक्त्यावर लिहिलेले असतात आणि विद्यार्थ्याला काही विचारायचे राहिले तर तो पुन्हा जाऊन विचारू शकतो. ओपीडीतला रुग्ण मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, अर्ध्या-पाऊण तासासाठी, बहुधा कामावरची सुट्टी काढून किंवा सुनेला सोबत घेऊन येतो आणि उरलेला सारा वेळ आपल्या घरात, शेतात, दुकानात, त्याच खुर्चीत आणि त्याच स्कूटरवर घालवतो. दुखण्याचे कारण बहुतेकदा त्या उरलेल्या वेळात दडलेले असते आणि बरे होणेही तिथेच घडायचे असते, त्यामुळे शिकाऊ फिजिओथेरपिस्टला ओपीडीत पहिल्यांदा जाणवते ते हे की, आपल्या हातांचा प्रत्यक्ष उपयोग होणारा वेळ फार थोडा आहे आणि त्यात तपासणी, निदान, उपचार व शिकवणी असे सगळे बसवायचे आहे.

आपल्याकडे या व्यवसायाचा जन्म निराळ्या गरजेतून झाला. मुंबईत पोलिओने अपंगत्व आलेल्या मुलांचा प्रश्न तीव्र झाला तेव्हा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस महापालिकेच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि त्याच रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराची, म्हणजे अपंगत्वातही दैनंदिन कामे करता यावीत यासाठीच्या प्रशिक्षणाची, शाळा काढली. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. आजच्या ओपीडीत कॅलिपर घातलेल्या मुलांच्या जागी झिजलेले गुडघे, आखडलेले खांदे, संगणकापुढे वाकलेल्या माना, प्लास्टर काढल्यानंतर न वळणारी मनगटे आणि पक्षाघातातून सावरणारी माणसे बाकावर बसलेली दिसतात.

शिक्षणाची सुरुवात मोजण्यापासून होते. गोनिओमीटर हे सांध्याचा कोन मोजण्याचे साधे साधन, दोन पट्ट्या आणि मध्ये अंशांची चकती, पण ते हाती धरल्यावर विद्यार्थ्याची खरी परीक्षा सुरू होते. गुडघा मोजताना चकतीचा मध्य सांध्याच्या बाहेरच्या बाजूला, एक पट्टी मांडीच्या हाडाच्या रेषेत कमरेजवळच्या उंचवट्याकडे आणि दुसरी पोटरीच्या बाहेरच्या हाडाच्या रेषेत घोट्याकडे धरायची असते. रुग्णाने अडलेली हालचाल लपवण्याच्या नादात कंबर उचलली किंवा विद्यार्थ्याची पट्टी बोटभर सरकली, की आकडा बदलतो, आणि म्हणून पाच अंशांपर्यंतचा फरक हा मोजणाऱ्याच्या हातचा मानावा, त्याला सुधारणा म्हणू नये, असे वरिष्ठ वारंवार बजावतात. त्या आकड्याला अर्थ येतो तो रुग्णाच्या जगण्यातून. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण साठ अंशांपर्यंत वाकतो, जिना उतरताना नव्वदच्या आसपास आणि उकिडवे बसताना एकशेतीसच्याही पुढे, त्यामुळे ज्या घरात शौचालय भारतीय पद्धतीचे आहे आणि जेवण पाटावर होते तिथे शंभर अंश वाकणारा गुडघा कागदावर चांगला असला तरी रोजच्या कामाला अपुरा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मांडलेल्या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात शरीरातला दोष, त्यामुळे अडलेली क्रिया आणि त्या क्रियेअभावी सुटलेला सामाजिक सहभाग असे तीन स्तर वेगळे केले आहेत. विद्यार्थी ते परीक्षेसाठी पाठ करतो, पण ‘आषाढीला चालत जाता येईल का’ असा प्रश्न समोरून आला की तिसरा स्तर म्हणजे काय ते त्याला कळते.

मोजण्यापेक्षा कठीण असते ते मोजलेल्या गोष्टींतून तर्क करणे, आणि त्याचा उत्तम धडा खांदा देतो. समजा दोन रुग्णा एकाच दिवशी आल्या, दोघींनाही वेणी घालता येत नाही, ब्लाउजचा मागचा हूक लावता येत नाही आणि रात्री दुखऱ्या कुशीवर झोपता येत नाही. नवखा विद्यार्थी दोघींच्याही कागदावर ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे सांध्याभोवतीचे आवरण आखडून खांदा गोठणे, असे लिहून मोकळा होतो, विशेषतः त्यांना मधुमेह असेल तर, कारण मधुमेहात हा विकार अधिक आढळतो हे त्याने वाचलेले असते. वरिष्ठ अशा वेळी दोनच गोष्टी करायला लावतात. आधी रुग्णेने स्वतः हात उचलायचा, मग तिने हात पूर्ण सैल सोडायचा आणि तपासणाऱ्याने तो उचलायचा. पहिलीचा हात दोन्ही प्रकारे अडतो, आणि कोपर अंगाशी धरून हात बाहेर वळवण्याची हालचाल तर सर्वांत आधी व सर्वांत जास्त गेलेली असते, तेव्हा आवरण आखडल्याचे निदान पक्के होते. दुसरीला स्वतः हात उचलता येत नाही, पण सैल सोडलेला हात तपासणाऱ्याच्या हाताने कानाला लागतो, म्हणजे सांधा मोकळा आहे आणि हात उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरांमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांमध्ये, बिघाड आहे. पहिलीला सांधा हळूहळू ताणून मोकळा करण्याचे उपचार हवेत, तर दुसरीच्या फाटलेल्या कंडरावर तेच ताण दिले तर अपाय होऊ शकतो. हालचाल जिथे अडते तिथे तपासणाऱ्याच्या हाताला जी जाणीव होते तिला ‘एंड-फील’ म्हणतात: कोपर सरळ होताना हाडावर हाड टेकल्याचा कठीण थांबा, गुडघा मिटताना पोटरी मांडीला लागल्याचा मऊ थांबा, आणि आखडलेल्या खांद्यात ओलसर चामडे ओढल्यासारखा चिवट थांबा. ब्रिटिश डॉक्टर जेम्स सायरिॲक्स यांनी या जाणिवेला शास्त्रात जागा दिली, परंतु ती वाचून येत नाही, पाच-पन्नास खांदे हातांखालून गेल्याशिवाय येत नाही.

याच तपासणीत ‘रेड फ्लॅग’, म्हणजे धोक्याच्या खुणा, शोधण्याची सवय लागावी लागते. कंबरदुखीचा रुग्ण लघवीवरचा ताबा सुटल्याचे किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना गेल्याचे सांगत असेल तर मणक्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची ती निशाणी असू शकते आणि अशा रुग्णाला व्यायाम न देता तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठवायचे असते. कारण नसताना घटलेले वजन, पूर्वीचा कर्करोग, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, चालल्यावर डाव्या खांद्यात येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ, या सगळ्यांची चौकशी करावी लागते. लाजेमुळे रुग्ण लघवीबद्दल आपणहून बोलत नाही, आणि वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीलाही वडिलांच्या वयाच्या माणसाला ते विचारणे जड जाते, पण विचारले नाही तर चूक तिचीच ठरते.

रुग्णांच्या भाषेत ओपीडीतल्या यंत्रांची दोनच नावे आहेत, ‘शेक’ आणि ‘करंट’. शेक म्हणजे कधी गरम पाण्यातून काढलेली पिशवी आणि कधी शॉर्टवेव्ह डायथर्मी, जी उच्च वारंवारितेच्या विद्युतचुंबकीय लहरींनी त्वचेखालच्या खोल पेशींत उष्णता निर्माण करते. करंट म्हणजे टेन्स किंवा आयएफटी, म्हणजे त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य विद्युतप्रवाहाने वेदना कमी करण्याचे उपचार. यंत्र लावण्यापूर्वीची काळजी हा शिक्षणाचा काटेकोर भाग आहे. डोळे मिटायला सांगून गरम व थंड पाण्याच्या परीक्षानळ्या आळीपाळीने त्वचेला लावून संवेदना शाबूत आहे ना ते पाहायचे, कारण मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला भाजल्याचेही कळत नाही. शरीरात सळई, प्लेट किंवा पेसमेकर आहे का ते विचारायचे. पाटल्या, जोडवी, कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवायला लावायचे. जोडवी काढायला नकार मिळणे ही नित्याची गोष्ट आहे आणि अशा वेळी हुज्जत न घालता दुसरा उपचार निवडणे हेही विद्यार्थ्याने शिकायचे असते.

अडचण अशी की, यंत्र लावणे सोपे, दिसायला भारदस्त आणि रुग्णाला पटणारे असते. गर्दीच्या ओपीडीत आणि काही खासगी दवाखान्यांत इंटर्नला दिवसभर पट्ट्या लावणे, टायमर फिरवणे आणि पुढचा रुग्ण घेणे एवढेच काम दिले जाते, तपासणी वरिष्ठ आधीच करून बसलेले असतात किंवा ती झालेलीच नसते. अशा ठिकाणी काढलेले सहा महिने हजेरीपत्रकावर भरतात, पण त्यातून यंत्र चालवणारा तयार होतो, फिजिओथेरपिस्ट नव्हे. जुन्या गुडघेदुखीत किंवा कंबरदुखीत शेक आणि करंट यांनी मिळणारा आराम बहुधा थोड्या काळाचा असतो आणि टिकाऊ फायदा नियमित व्यायामातून येतो, हे आता सर्वमान्य आहे. तरीही मुळातला उपाय शेवटच्या पाच मिनिटांत, छापील कागद हाती देऊन उरकला जातो, हा आपल्या ओपीडींचा जुना दोष आहे.

व्यायाम शिकवणे ही वेगळी कला आहे. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ द्यायचे असते आणि त्यासाठीचा पहिला व्यायाम इतका साधा आहे की, तो चुकू शकतो हे विद्यार्थ्याला खरेच वाटत नाही: पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, दहा अंक मोजायचे आणि सोडायचे. प्रत्यक्षात कुणी टाच उचलते, कुणी कुल्ला उचलते, कुणी दात-ओठ आवळून श्वास रोखते आणि रक्तदाब असलेल्या माणसाने श्वास रोखणे बरे नसते. म्हणून शिकवणारा आपली बोटे गुडघ्याच्या वाटीच्या वर ठेवतो, स्नायू घट्ट होऊन वाटी मांडीकडे सरकली की ‘हे बघा आजी, हे झालं बरोबर’ असे म्हणतो, आणि मग आजींनाच मोठ्याने अंक मोजायला लावतो, कारण बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. पुढच्या खेपेला ‘केला का व्यायाम’ असे विचारून उपयोग नसतो, त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. ‘करून दाखवा’ म्हटले की खरे कळते. हुशार इंटर्न वेळही रुग्णाच्या दिवसातूनच शोधतो आणि खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत करायला सांगतो, कारण ‘दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी दहा’ ही सूचना ज्या बाईच्या दिवसात स्वतःसाठी तीन मोकळ्या वेळाच नाहीत तिला निरुपयोगी असते.

स्पर्श हे या व्यवसायाचे मुख्य साधन असल्याने त्याची मर्यादाही इथेच शिकावी लागते. आपल्याकडे फिजिओथेरपीच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी असते आणि रुग्ण सर्व वयांचे, सर्व थरांतले असतात. कुठे हात लावणार आहे ते आधी सांगणे, पडदा ओढणे, लागेल तेवढाच भाग उघडा करणे, सोबतच्या नातेवाइकाला थांबू देणे, आणि रुग्णाकडून गैरवर्तन झाल्यास उपचार थांबवून वरिष्ठांना कळवणे, या गोष्टी अभ्यासक्रमात असल्या तरी त्यांचा सराव ओपीडीतच होतो.

दिवसाच्या शेवटी नोंद लिहिणे आणि आठवड्यातून एखादी केस वरिष्ठांपुढे मांडणे हा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत नावडता असतो. रुग्ण काय म्हणतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून निष्कर्ष काय आणि पुढे काय करायचे, अशा चार भागांत नोंद लिहायची असते, आणि निष्कर्षाच्या ओळीवर ‘का’ असे विचारले की बरीच पाने कोरी पडतात. तरीही चांगली ओपीडी ओळखायची असेल तर यंत्रांची संख्या न मोजता हा ‘का’ तिथे रोज विचारला जातो का, एवढेच पाहावे.

शिकाऊ फिजिओथेरपिस्ट चांगला घडावा यात रुग्णाचाही वाटा आहे. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या ओपीडीत पांढऱ्या ॲप्रनमधला कुणी तरुण किंवा तरुणी यंत्र न लावता आधी अर्धा तास प्रश्न विचारू लागली, तर वेळ फुकट जातो असे समजू नये, उत्तरे नीट द्यावीत, व्यायाम केला नसेल तर केला नाही असे स्पष्ट सांगावे, आणि एकही प्रश्न न विचारता थेट शेक लावला गेला, तर आपली तपासणी कुणी व कधी केली हे वरिष्ठांना अवश्य विचारावे.