बंदूक खाली ठेवणारा पठाण

परवा वर्गात सत्याग्रहाचा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, ज्याला काठीही उचलता येत नाही त्याने अहिंसेचे गोडवे गावेत, यात नवल ते काय?" मुलाचा प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

पठाण म्हटले की आपल्या आजोबांच्या पिढीला आठवे तो पगाराच्या दिवशी फाटकाशी दंडुका घेऊन उभा राहिलेला सावकार! बंदूक हा तर पठाणाचा दागिनाच. त्यांच्या पुश्तू भाषेत सूडाला 'बदल' म्हणतात. आपल्या 'बदला' या शब्दाचा तो सोयरा. बापाचे वैर मुलाने फेडावे, हा तिथला कुळधर्म. अशा मुलखात, पेशावरजवळच्या उत्मानझई गावी, १८९० साली एका सधन जमीनदाराच्या घरी अब्दुल गफार खान जन्मले. ऐन तारुण्यात इंग्रजांच्या नामांकित पलटणीत अधिकाराची जागा चालून आली होती. पण एका देशी अधिकाऱ्याचा गोऱ्याने केलेला पाणउतारा डोळ्यांनी पाहिला आणि त्यांनी ती जागा नाकारली. १९१० साली गावात शाळा काढली. सूडाच्या पायी घरेच्या घरे बसतात, हे दुखणे त्यांनी ओळखले होते.

१९२९ साली त्यांनी 'खुदाई खिदमतगार', म्हणजे ईश्वराचे सेवक, ही संघटना उभारली. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी रंगात बुडविले गेले आणि लोक त्यांना 'लाल डगलेवाले' म्हणू लागले. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, रोज निदान दोन तास सेवेचे काम करीन, अशी शपथ प्रत्येकाला घ्यावी लागे. ती हजारो पठाणांनी घेतली!

कसोटीला फार दिवस लागले नाहीत. २३ एप्रिल १९३० रोजी बादशाह खानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. किती पडले, याबद्दल सरकार आणि लोक यांचे कधीच एकमत झाले नाही. पण लोक पळाले नाहीत. त्या धामधुमीत गढवाली पलटणीतल्या शिपायांनी अशा लोकांवर गोळी झाडण्याचे नाकारले. त्यांचे पुढारी चंद्रसिंग गढवाली यांना जन्मठेप झाली.

या पठाणाचा आपल्या मुलखाशीही ऋणानुबंध आहे. १९३४ साली सुटका झाली, पण सरहद्द प्रांताची दारे बंदच राहिली; तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींजवळ येऊन राहिले. मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल त्याच डिसेंबरात वर्ध्यातच त्यांना पकडण्यात आले आणि दोन वर्षांची शिक्षा झाली.

पण खरी परीक्षा स्वातंत्र्यानेच घेतली. फाळणी त्यांना मान्य नव्हती. काँग्रेसने ती स्वीकारली, तेव्हा 'तुम्ही आम्हाला लांडग्यांच्या तोंडी दिलेत' असे दुःख त्यांनी बोलून दाखविले. तरीही १९४८ च्या आरंभी त्यांनी पाकिस्तानशी निष्ठेची शपथ घेतली. जूनमध्ये त्यांना तुरुंगात टाकले गेले आणि १२ ऑगस्टला चारसद्द्याजवळ बाब्रा येथे त्यांच्या अनुयायांवर पुन्हा गोळ्या चालल्या. या वेळी बंदुका परक्यांच्या नव्हत्या. दोन्ही राजवटींत मिळून आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांची कोठडीत गेली. पण बंदुका उचला, असे त्यांनी अनुयायांना सांगितले नाही.

१९६९ साली, गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, ते भारतात आले तेव्हा गुजरातेत दंगली उसळल्या होत्या. या वृद्धाने सत्कार बाजूला सारून तीन दिवस उपवास केला. १९८७ साली त्यांना 'भारतरत्न' मिळाले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांनी देह ठेवला आणि त्यांच्याच इच्छेनुसार अफगाणिस्तानातील जलालाबादेत त्यांचे दफन झाले. तेव्हा तिथे युद्ध पेटलेले होते. अंत्ययात्रेसाठी ते थांबविण्यात आले; तरी स्फोट झालेच आणि माणसे मेलीच.

मग हा माणूस हरला काय? राज्य मिळाले नाही, मुलूख शांत झाला नाही. हे लपवून मी त्या विद्यार्थ्याला फसविणार नाही. पण बंदूक हाती असताना, नेम अचूक असताना आणि सूड घेणे हाच धर्म मानला जात असताना ज्यांनी ती खाली ठेवली, त्यांना दुबळे कसे म्हणावे? सुटी संपली की त्या मुलाला मी हेच विचारणार आहे.