मर एकच, रोग दोन : औषध घेण्याआधी हे वाचा



समजा, गटातल्या एका ताईच्या केळीला मर लागली आणि दुसरीच्या पानवेलीला. दोघी गटातून कर्ज काढून दुकानात गेल्या, "बुरशीचं औषध द्या" म्हणाल्या. दोघींना एकच पुडी मिळाली. पैसे गेले, मर काही थांबली नाही. का बरं?

कारण नाव एक असलं तरी रोग दोन आहेत.

केळीची मर (पनामा) : ही फ्युजारियम नावाच्या खऱ्या बुरशीमुळे होते. खालची पानं कडेने पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबतात. बुंधा कापला तर आत लालसर-तपकिरी रेषा दिसतात. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, फवारून जात नाही. झाड गड्ड्यासकट काढून जाळा. त्याचे मुनवे कोणालाही देऊ नका.

पानवेलीची मर : ही फायटोप्थोरामुळे होते. जमिनीलगत वेल काळी पडून कुजते आणि बघता बघता सुकते. फायटोप्थोरा म्हणजे 'झाडांचा नाश करणारा'. १८७६ साली हे नाव पडलं, तेव्हा शास्त्रज्ञही त्याला बुरशीच समजत. आता त्याला वेगळ्या गटात टाकलंय. खऱ्या बुरशीच्या पेशीभोवती कायटिनचं कवच असतं; कोळंबीच्या सालीत असतं तेच. फायटोप्थोराच्या कवचात मात्र झाडासारखं सेल्युलोज असतं. नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा! त्याचे बीजाणू पाण्यात पोहत एका वेलीकडून दुसरीकडे जातात. अळूच्या पानांवर पावसात येणारा करपाही याच्याच भावकीतला.

म्हणूनच बुरशीवर चालणारं कार्बेन्डाझिम फायटोप्थोरावर चालत नाही. त्याच्यावर बोर्डो मिश्रण उपयोगी पडतं. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना ५ लिटर पाण्यात, असं प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत कालवा. मग दोन्ही एकत्र करा. लोखंडी सुरी बुडवून पाहा. तांबूस झाली तर आणखी चुना घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा. विड्याचं पान आपण कच्चंच खातो, म्हणून पानं खुडून झाल्यावर मिश्रण मुळाशी ओता, पानांवर नको. आणि सगळ्यात आधी पाण्याचा चर काढा. पाणी साचलं नाही, तर तो पोहणार कुठे?

यापुढे दुकानात नुसतं "बुरशीचं औषध" मागू नका. रोगी भाग बंद पिशवीत घालून आधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. रोगाचं नाव कळलं, की मगच पैसे मोजा.